कॉलरवरची कवटी

काही वर्षांपूर्वी रोलाँ बार्थच्या छायाचित्रविचारावर पदव्युत्तर वर्गापुढे बोलताना मी एक छायाचित्र दाखवले होते. ते मला हॅम्बुर्गच्या जुन्या बाजारात मिळाले होते: दातेरी कडांचे, तळहाताएवढे, कृष्णधवल. रणगाड्याला टेकून उभे असलेले चार तरुण, अंगात आखूड काळे कोट, कॉलरच्या दोन्ही टोकांना कवटी; मागे एक मालमोटार, डावीकडे विहीर आणि विहिरीपाशी एक स्त्री. पाठीवर पेन्सिलीने 'जुलै ४१' एवढेच. 'एसएसचे चार सैनिक' असा त्यांचा उल्लेख मी निःशंकपणे केला आणि त्या कवटीवर चिन्हमीमांसेच्या परिभाषेत बरेच काही बोललो. मृत्यूचे चिन्ह गळ्याशी मिरवणाऱ्या सत्तेविषयीचे ते विवेचन माझे मलाच आवडले होते, हेही कबूल केले पाहिजे.

तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. रणगाड्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडण्याचा त्याला नाद होता. नगरच्या रणगाडा संग्रहालयाच्या त्याच्या वाऱ्या ठरलेल्या. "सर, हे एसएस नव्हेत," तो संकोचून म्हणाला, "रणगाडा दलातली साधी पोरं आहेत."

त्याने जे दाखवले ते प्रत्येक पाठचिकित्सकाने पाहण्यासारखे होते. कॉलरच्या दोन्ही पट्ट्यांवर कवटी हे जर्मन भूदलाच्या रणगाडा दलाचे चिन्ह. प्रशियाच्या जुन्या घोडदळाकडून आलेला तो वारसा. एसएसची कवटी मुख्यतः टोपीवर असे आणि उजव्या कॉलरपट्टीवर बहुधा दोन रून अक्षरे. काळा कोट मात्र दोघांच्याही रणगाडा दलांत होता, म्हणून रंगावर विसंबता येत नाही. निर्णायक पुरावा गरुडाचा. भूदलाचा सैनिक गरुड छातीवर उजव्या बाजूला लावी, एसएसचा डाव्या दंडावर. माझ्या चौघांच्या छातीवर तो उजवीकडे होता. (तो डावीकडे दिसला तर एक शंका आधी फेडावी लागते: निगेटिव्ह उलटी तर छापलेली नाही ना?) मागच्या मालमोटारीच्या नंबरप्लेटवर भिंगातून 'डब्ल्यूएच' ही अक्षरे दिसली. 'वेअरमाख्ट, हेअर', म्हणजे सैन्यदलातील भूदल. वायुदलाच्या वाहनांवर 'डब्ल्यूएल', नौदलाच्या वाहनांवर 'डब्ल्यूएम' आणि एसएसच्या वाहनांवर त्यांची रून अक्षरे असत.

पुढे काही महिने मी या विद्येच्या नादी लागलो. तिचे स्वरूप आपल्या पोथीशास्त्राहून फारसे वेगळे नाही. हस्तलिखिताचा काळ जसा अक्षरवळणावरून आणि कागदावरून ठरतो, तसा येथे टोपीवरून आणि शिरस्त्राणावरून. पुढे लांब झडप असलेली सर्वांसाठीची टोपी १९४३मध्ये आली. ती दिसली तर मागे लिहिलेले '१९४१' प्रक्षिप्त समजावे. परंतु तशीच टोपी पर्वतीय दलाकडे आधीपासून होती, तेव्हा एडलवाइसच्या फुलाचे चिन्ह शोधल्याखेरीज निर्णय देऊ नये. शिरस्त्राणावरची तिरंगी ढाल १९४०मध्ये काढून टाकण्याचा आदेश निघाला. पोलंडच्या मोहिमेत रणगाड्यांवर ठसठशीत पांढरे क्रूस होते. शत्रूच्या तोफांना त्यावर नेम धरणे सोपे जाते हे लक्षात आल्यावर पुढे क्रूसाची नुसती किनार उरली. दलांचे रंग गोटावरून ओळखायचे: पायदळाचा पांढरा, तोफखान्याचा लाल, रणगाडा दलाचा गुलाबी. कृष्णधवल छायाचित्रात मात्र गुलाबी कोणता आणि पांढरा कोणता? काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे. तो जवळजवळ काळा उमटे. अर्थ रंगात सांकेतिक केलेला आणि माध्यम रंगांध. संरचनावाद शिकवताना मला इतके चांगले उदाहरण कधी सापडले नव्हते.

पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. विद्यार्थ्याने चूक दाखवली तेव्हा संकोचाबरोबर मला सुटल्यासारखेही वाटले. एसएस नव्हेत, साधी पोरे! चौघांचे चेहरे क्षणात बदलले. एकाचे हसू मला कोवळे वाटू लागले. हा बदल छायाचित्रात झालेला नव्हता.

हॅम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेने १९९५मध्ये जे प्रदर्शन उभे केले, त्याचा रोख नेमका या सुटकेवर होता. अपराध एसएसचे, सैन्य निष्कलंक, ही युद्धोत्तर समजूत त्याने मोडीत काढली. ६ जून १९४१चा, पकडलेल्या राजकीय कमिसारांना गोळ्या घालण्याचा आदेश सैन्यालाच दिलेला होता. 'डब्ल्यूएच' पाटीच्या गाड्यांतूनच तो पूर्वेकडे गेला. सुमारे ८ लाख लोकांनी ते प्रदर्शन पाहिले. आणि १९९९मध्ये बोगदान मुशियाव आणि क्रिस्तियान उंगवारी या दोन इतिहासकारांनी त्यातील छायाचित्रांच्या ओळखीवरच आक्षेप घेतले. काही चित्रांतले सैनिक हंगेरियन किंवा फिनिश होते. काहींतले मृतदेह सोव्हिएत गुप्त पोलिसांनी माघारीपूर्वी तुरुंगांत मारलेल्यांचे होते आणि जर्मन सैनिक भोवती उभे होते. तार्नोपोल आणि झ्लोचोव्ह येथे तर एका अपराधाचे प्रेत दुसऱ्या अपराधाचे निमित्त झाले: ते मृतदेह उकरून काढण्याचे काम ज्यूंकडून करवून घेतले आणि मग त्यांनाच ठार केले. मृतदेह आणि शेजारी गणवेश एवढ्यावरून कर्ता ठरवणे म्हणजे मी कवटीवरून एसएस ठरवले तसेच.

प्रदर्शन स्थगित झाले. इतिहासकारांच्या समितीने २०००मध्ये निर्णय दिला: १,४३३ छायाचित्रांपैकी विसापेक्षा कमी तेथे अप्रस्तुत होती, मूळ प्रतिपादन खरे होते, हाताळणी मात्र निष्काळजी. २००१मध्ये नवे प्रदर्शन बर्लिनमध्ये उघडले. संस्थेचे संस्थापक यान फिलिप रेम्त्समा हे साहित्याचे अभ्यासक, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. संहिता खरी असली तरी पाठ चुकीचा छापता येत नाही, हे आपल्या व्यवसायात प्रत्येकाला ठाऊक असते. आणि पाठ दुरुस्त झाला म्हणून संहिता खोटी ठरत नाही, हे मात्र आपण वादाच्या भरात विसरतो. आक्षेपांचा आधार घेऊन सैन्याला निर्दोष ठरवू पाहणारे तेच विसरले होते. माझ्या चौघांना सोडून देताना मीही.

गेल्या पावसाळ्यात तो विद्यार्थी, आता स्वतः प्राध्यापक, घरी आला. छायाचित्र नव्याने मोठे करून घेतले होते. रणगाड्याच्या मडगार्डवर पांढरा 'जी' सापडला: गुडेरियनचा रणगाडा गट. पेन्सिलीतल्या तारखेशी तो जुळत होता. म्हणजे मिन्स्क ते स्मोलेन्स्कच्या वाटेवरचे एखादे गाव. दल, गट, महिना, प्रदेश, सारे ठरले. मग त्याने भिंग डावीकडे नेले. तिच्या डोक्याला रुमाल आहे, पाय अनवाणी असावेत. तिच्या अंगावर कोणतेही चिन्ह नाही आणि तिच्यासाठी कोणतीही हस्तपुस्तिका नाही.

"हातात काय आहे हिच्या?" त्याने विचारले. बादली असेल, किंवा मूल. आम्ही दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिले. पण तेवढ्या भागात रजतकणांखेरीज काही उरलेले नव्हते.