एकटी कोंबडी आणि जुने खुराडे

मराठीत 'कोळी' म्हटले की जाळे आठवते. मग ते समुद्रातले असो वा छताच्या कोपऱ्यातले. कन्नडमध्ये मात्र 'कोळी' म्हणजे कोंबडी. बेळगाव तालुक्यातील आमच्या गावी लहानपणी या एका शब्दाने आम्हांस पुष्कळ हसवले. गेल्या पावसाळ्यानंतर याच शब्दाने आम्हांस काही शिकवलेही. ते येथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

आमच्या शेजारी एक कन्नडभाषक आज्जी राहत. मुंगसाने एका रात्रीत त्यांच्या चार कोंबड्या मारल्या, एकच वाचली. त्याच सुमारास मुलाने आज्जींना कायमचे पुण्यास नेण्याचे ठरवले. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या ती तांबूस कोंबडी काखेत धरून आमच्या अंगणात आल्या. "तम्मा, हिला विकू नको, कापू बी नको. एकटी हाय. तुमच्यात मिसळून घे," एवढेच त्या म्हणाल्या. तिचे नाव केंपी. कन्नडमध्ये 'केंपु' म्हणजे तांबडा. आम्ही शब्द दिला. तो पाळणे किती अवघड आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

आमच्या खुराड्यात सात कोंबड्या आणि एक कोंबडा. दाणे टाकले की प्रथम चोच घालणार ती 'पाटलीण', आणि सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले टिपणार ती 'काबरी'. मधल्या पाच जणींचेही क्रम ठरलेले. मराठीने अंड्यावर न आलेल्या कोंबडीला 'तलंग' म्हटले, अंडी उबवायला बसणारीला 'खुडूक' म्हटले. पण या उतरंडीला आमच्या ऐकण्यात तरी रूढ शब्द नाही. नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून 1922 मध्ये जर्मन भाषेत ही व्यवस्था मांडली. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने टोचून घेते, यावरून त्यांनी कळपाचा क्रम लावला. आम्ही आपले त्याला 'टोचक्रम' म्हणतो. परका पक्षी आत आला की हा क्रम विस्कटतो, आणि तो पुन्हा लागेपर्यंत सर्वांचा रोख त्या एकटीवरच राहतो.

हे सारे वाचलेले असूनही आम्ही घाई केली. दुसऱ्याच दिवशी, भर सकाळी, केंपीला थेट कळपात सोडले. आपुलकीने आणलेल्या पाहुणीला घरचे आपुलकीनेच वागवतील, असा आमचा भाबडा समज. पाटलीण मान फुगवून धावली, मागून इतर धावल्या. केंपी कुंपणाच्या कोपऱ्यात अडकली. आम्ही पोहोचेपर्यंत तिचा तुरा रक्ताने माखला होता. कोंबड्यांना तांबडे दिसले की त्या तेथेच पुन्हा पुन्हा टोचतात. आणखी थोडा उशीर झाला असता, तर आज्जींना काय तोंड दाखवले असते?

जखम धुऊन हळद लावली आणि तिला गोठ्याच्या कोपऱ्यात वेगळे ठेवले. वास्तविक हे पहिल्या दिवशीच करायला हवे होते. बाहेरून आलेला पक्षी तीन-चार आठवडे दूर ठेवावा, त्याचे दाणापाणी वेगळे असावे, पंखांखाली उवा आहेत का पाहावे. नाहीतर मानमोडीसारखा रोग साऱ्या खुराड्यात शिरतो. एकटेपणाने केंपी मलूल झाली. आम्ही 'ये, ये' म्हणून दाणे टाकले तरी ती मान वर करीना. एके दिवशी आमच्या आईला आज्जींची हाक आठवली. तिने 'बाऽ बाऽ बाऽ' म्हटले मात्र, केंपी उठून उभी राहिली. कन्नडमध्ये 'बा' म्हणजे ये. अर्थ तोच, पण तिच्या कानाला ओळखीचा सूर हवा होता.

महिन्यानंतर खुराड्याच्या कडेला तारेची जाळी लावून तिला पलीकडे ठेवले. जाळीतून एकमेकींना पाहता यावे, पण चोच पोहोचू नये. पहिले दोन दिवस पाटलीण जाळीवर धडका देत होती. आठवड्याने तिचे लक्ष उडाले. मग आम्ही काबरीला उचलून केंपीच्या सोबत ठेवले. सर्वांत दुबळी कोंबडी नवखीला फार छळत नाही, हा त्यातला हिशेब. दोघींत किरकोळ चोचाचोची झाली आणि चौथ्या दिवशी दोघी शेजारी शेजारी राखेत लोळताना दिसल्या. एकट्या पक्ष्याला कळपात घालण्यापेक्षा जोडी घालणे सोपे. जोडी नसेल तर ती अशी करून घ्यावी लागते.

त्यानंतर एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, दोघींना हळूच दांडीवर बसवले. कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. पहाटे उजाडण्यापूर्वी आम्ही हजर होतो. दाण्यापाण्याची भांडी दोन ठिकाणी मांडली, अंगणात ओंडके आणि उपड्या पाट्या ठेवल्या, म्हणजे पळणारीला आडोसा मिळतो. पाटलिणीने दोनदा टोचले. केंपीने मान खाली घातली आणि बाजूला झाली. रक्त आले नाही. अशा वेळी मध्ये न पडणे हेच सर्वांत कठीण असते. रक्त नसेल तोवर त्यांचा निवाडा त्यांनाच करू द्यावा.

आज केंपी काबरीच्या एक पायरी वर आहे. पाटलीण अजूनही अधूनमधून तिला टोचते. दांडीवर मात्र ती मध्यभागी बसते. सोसलेल्या ताणामुळे तिची अंडी बंद झाली होती. दिवाळीनंतर पहिले अंडे मिळाले.

त्या दिवशी आम्ही आज्जींना फोन केला. त्यांनी दोनदा विचारले, "खरंच घातलं?" मग आपले सांगू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर घर. दिवसभर मुलगा-सून कामावर. जिन्यात बायका भेटतात, हसतात आणि जातात. आमची मराठी ऐकून कोणी तरी 'तुम्ही कुठल्या?' विचारते, आणि उत्तर ऐकून पुढे काय बोलावे हे त्यांना सुचत नाही. आम्हांसही काही सुचेना. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "समोरची सून काल दारात थांबली. चटणी कशी करता म्हणून विचारलं. उद्या येते म्हणाली."

फोन अंगणात होता. आई दाणे टाकीत होती आणि 'बाऽ बाऽ' म्हणत होती. पाटलिणीसह आठही जणी धावत आल्या. पलीकडून आज्जी म्हणाल्या, "तम्मा, जरा तसाच धर फोन." आम्ही तो तसाच धरून उभे राहिलो.