हेंडनची पंधरा मतं

संपादकांनी सुचवलेला विषय होता 'ब्रिटनमधला भारतीय मतदार'. दादाभाई नौरोजींपासून सुरुवात करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. १८९२ साली फिन्सबरी सेंट्रलमधून दादाभाई अवघ्या पाच मतांनी पार्लमेंटवर गेले, ही गोष्ट आपल्याकडे शाळेपासून ठाऊक असते. पण मला दादाभाईंपेक्षा एक अगदी अलीकडचा निकाल छळतो आहे, म्हणून त्याबद्दलच लिहितो.

४ जुलै २०२४. वायव्य लंडनमधला हेंडन मतदारसंघ. मजूर पक्षाचे डेव्हिड पिंटो-दुशिन्स्की यांना १५,८५५ मतं, हुजूर पक्षाचे अमित जोगिया यांना १५,८४०. फरक पंधरा मतांचा, साऱ्या ब्रिटनमध्ये सर्वांत कमी. जोगिया भारतीय वंशाचे, त्यामुळे मला विचारणा सुरू झाली ती एकाच सुरात: आपल्या माणसांनीच पाडलं ना? कुणी ज्यू मतदारांचं नाव घेतलं, कुणी मुस्लिमांचं. जो तो छातीठोकपणे सांगत होता. निवडणुकांची आकडेवारी हेच माझं काम असल्यामुळे 'तुमचं काय म्हणणं?' हा प्रश्न मला अजूनही येतो, आणि माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. ते असं की, ही पंधरा मतं कुठल्या समाजाची, हे कुणीही सांगू शकत नाही.

आधी थोडा इतिहास. १९४५ ते १९९७ हेंडनचे उत्तर आणि दक्षिण असे दोन मतदारसंघ होते. १९४५च्या लाटेत उत्तर हेंडनमधून मजूर पक्षाच्या बार्बरा एअर्टन-गूल्ड जिंकल्या, १९५०मध्ये ती जागा गेली, आणि पुढे सत्तेचाळीस वर्षं दोन्हीकडे हुजूर पक्षच. शेजारचं फिंचली मार्गारेट थॅचर यांचं, यावरून त्या भागाचा रंग लक्षात यावा. १९९७मध्ये दोन्ही जोडून पुन्हा एक हेंडन झालं आणि अँड्र्यू डिसमोर यांनी ते मजूर पक्षाला मिळवून दिलं. २०१०मध्ये तेच डिसमोर हुजूर पक्षाच्या मॅथ्यू ऑफर्ड यांच्याकडून १०६ मतांनी हरले. २०१७मध्ये ऑफर्ड १,०७२ मतांनी तरले, २०१९मध्ये ४,२३० मतांनी.

आता जरा आकड्यांत शिरावं लागेल. २०१९मध्ये इथे हुजूर पक्षाला ४८.८ टक्के मतं होती, मजूर पक्षाला ४१.१. २०२४मध्ये दोघंही अडतीस टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे मजूर पक्ष इथे जिंकला तो आधीपेक्षा कमी मतं घेऊन. प्रत्यक्ष मतं तर २२,६४८ वरून १५,८५५ वर घसरली. (मधल्या काळात सीमा बदलल्या, म्हणून तुलना ढोबळच धरावी.) निवडणूक-अभ्यासक डेव्हिड बटलर यांच्या पद्धतीनं मतांचा झुकाव काढताना एकाची घट आणि दुसऱ्याची वाढ यांची सरासरी घेतात. देशभर तो हुजूर पक्षाकडून मजूर पक्षाकडे पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास होता, हेंडनमध्ये जेमतेम चार. मायकेल स्टीड यांच्या पद्धतीत बाकीचे पक्ष वगळून फक्त दोघांतली वाटणी पाहतात. तसं केलं तरी आकडा सव्वाचारच्या आसपासच राहतो. खरा प्रश्न इथे आहे. देशात हुजूर पक्षाची वीस टक्के मतं गळाली, इथे दहाच का? शेजारच्या हॅरो ईस्टमध्ये हुजूर पक्षाचे बॉब ब्लॅकमन निम्म्याहून अधिक मतं घेऊन टिकले, लेस्टर ईस्ट हुजूर पक्षानं चक्क नव्यानं जिंकलं. भारतीय मतदार मोठ्या संख्येनं असलेले हे भाग देशाच्या लाटेबरोबर गेले नाहीत, एवढं जनगणना आणि निकाल शेजारी ठेवून म्हणता येतं. पण मतदारसंघाच्या बेरजेवरून माणसाचं मत ताडणं ही आमच्या शास्त्रातली सर्वांत जुनी चूक आहे, आणि वर्तमानपत्रं ती दर निवडणुकीत करतात.

मुळात बेरजेखालचं काही तिथे मिळतच नाही. आपल्याकडे फॉर्म २० उघडला की बूथवार मतं दिसतात: अमुक शाळेची खोली, तमुक उमेदवार, इतकी मतं. ब्रिटनमध्ये एका पेटीतल्या मतपत्रिका निदान दुसऱ्या एका पेटीतल्या पत्रिकांत मिसळल्याशिवाय मोजायच्याच नाहीत, असा नियम आहे. टपाली मतांनाही तोच. मोजणीच्या रात्री मी हे टेबलापलीकडून पाहिलेलं आहे. पेटी उपडी करतात, आधी फक्त पत्रिकांची संख्या जुळवून पाहतात. पत्रिका सुलट्या ठेवाव्या लागतात, कारण मागच्या बाजूला क्रमांक असतो आणि तो कुणाला दिसता कामा नये. तेवढ्या वेळात पक्षांचे प्रतिनिधी माना लांब करून फुल्या पाहतात आणि कागदावर चार उभ्या नि एक आडवी अशा काड्या मारत जातात. मग सगळा ढीग मिसळला जातो. 'मिल हिलनं असं केलं, बर्न्ट ओकनं तसं केलं' या बातम्यांचा उगम त्या काड्यांत असतो. शेकड्यांनी चुकू शकणाऱ्या त्या अंदाजातून पंधरा मतांचा मालक शोधायचा?

अभ्यासक म्हणून मला बूथवार आकडे हवेहवेसे वाटतात, माझं बरंचसं काम त्यांच्यावरच उभं आहे. तरीही ढीग मिसळावा, याच मताचा मी आहे. कुठल्या वाडीनं कुणाला मत दिलं हे नेत्याला कळलं की पुढची पाच वर्षं पाणी आणि रस्ता त्या हिशेबानं पोहोचतो, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. म्हणूनच अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारा 'टोटलायझर' वापरावा असं आपल्या निवडणूक आयोगानं २००८मध्ये सुचवलं, २०१५मध्ये विधी आयोगानं दुजोरा दिला, आणि प्रस्ताव तसाच पडून राहिला. मी यावर बोलायला लागलो की सभागृह रिकामं होतं, तरी प्रत्येक व्याख्यानात बोलतो.

राहिलं हेंडनचं भवितव्य. पुढची निवडणूक ऑगस्ट २०२९पर्यंत केव्हाही. देशपातळीवर मजूर पक्षाचा पाठिंबा विजयानंतर लवकरच ओसरला आणि २०२५मध्ये जनमत पाहण्यांत बहुतेक काळ रिफॉर्म पक्ष पुढे राहिला. हेंडनमध्ये २०२४ला रिफॉर्म तिसरा होता, पण फार मागे. तो इथे वाढला तर हुजूर पक्षाला खाईल, ग्रीन वाढला तर मजूर पक्षाला. माझं लक्ष मात्र कॉलिंडेलवर आहे. जुन्या विमानतळाच्या आणि पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या जमिनींवर तिथे इमारतींमागून इमारती उठल्या, आणि त्यांत भाड्यानं राहणारी तरुण कुटुंबं सतत बदलत असतात. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून, भारतीय पासपोर्ट असलेल्या तिथल्या रहिवाशालाही पार्लमेंटसाठी मत देता येतं, हे आपल्या कित्येक मुलांना ठाऊकच नसतं. भाडेकरू घर बदलतो, यादीत नाव जुन्याच पत्त्यावर राहतं किंवा गळून पडतं. आज अंदाज द्यायचाच तर हुजूर पक्षाचं पारडं मला किंचित जड वाटतं, कारण त्याचा मिल हिलचा घरमालक मतदार यादीत पक्का आहे आणि मजूर पक्षाचा कॉलिंडेलचा भाडेकरू नाही.