बालकवींची आठवण



श्रावण आला कीं बालकवींची कविता वर्गावर्गांतून घुमूं लागते; पण तिच्या कर्त्याचें आयुष्य किती अल्प होतें, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजीं खानदेशांत धरणगांवीं झाला, आणि ५ मे १९१८ रोजीं जळगांवनजीक भादली स्थानकाजवळ आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अंत झाला. वयाचीं २८ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं!

१९०७ सालीं जळगांवीं पहिलें कविसंमेलन भरलें. अध्यक्षस्थानीं मुंबईचे डॉ. कान्होबा कीर्तिकर होते. हे शस्त्रवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबईकडील विषारी वनस्पतींवर त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लेखमाला लिहिली होती. ठोंबऱ्यांची कविता ऐकून ‘बालकवि’ ही पदवी त्यांनींच दिली. मला या भेटीचें नवल वाटत आलें आहे. पानाफुलांच्या रचनेवरून झाड ओळखणारा एक प्रौढ विद्वान, आणि झाडापुढें भान हरपणारा एक कोंवळा मुलगा! दोघांचे मार्ग निराळे. पण थांबून पाहणें दोघांचेंही सारखेंच.

पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांनीं या मुलास घरच्यासारखी माया लावली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त त्याच्या आठवणी वाचावयास मिळतात. शिष्यामागून वर्षभरानें, ९ मे १९१९ रोजीं, टिळकही मुंबईंत निवर्तले.

निसर्गवेडा म्हणजे सदा हंसतमुख, असें आपण समजतों. बालकवींनीं आनंद गाइला हें खरें. पण ‘पारवा’ या कवितेंत पडक्या धर्मशाळेच्या कौलावर बसलेला खिन्न पक्षीही त्यांनींच पाहिला. ज्याचे डोळे उघडे असतात, त्यास फुलाबरोबर पडझडही दिसते.

“आम्हां मुंबईकरांस ओढा कोठें आणि रान कोठें?” असें कोणी म्हणेल. पण गिरगांवांत चाळींच्या वळचणीस पारवे आहेतच. लालबागेंत जुन्या भिंतींच्या फटींतून पिंपळ डोकावतोच. आणि भायखळ्याची राणीची बाग कांहीं दूर नाहीं. उणीव आहे ती थबकण्याची. पालकांस माझी एवढीच विनंती, कीं मूल एखाद्या झाडापाशीं रेंगाळलें, तर उशीर होतो म्हणून त्याचा हात ओढूं नये.

मात्र रेंगाळण्याची जागा रुळांवर नव्हे. दादर-परळच्या मुलांचें नित्य जाणेंयेणें आगगाडीच्या वाटेनें. भादलीचा शोक त्यांस परका वाटूं नये. जिना चढावा लागला तरी पुलावरूनच जावें.

ज्याच्या वांट्यास पुरते तीस श्रावणही आले नाहींत, त्याच्या शब्दांतून शतकाहून अधिक काळ महाराष्ट्रांतील मुलें श्रावण पाहत आलीं आहेत. त्याचे न लाभलेले श्रावण आतां कोणी परत देऊं शकत नाहीं. आपले स्वतःचे तरी न पाहतां दवडूं नयेत.