ताईची कंबर आणि आमचा रिस्क स्कोअर

'अर्गोनॉमिक्स' म्हटलं की आपल्याला आठवते ती ऑफिसातली खुर्ची! काम माणसाला जुळवायचं, माणसाला कामाशी नाही, एवढी व्याख्या पेपरात लिहायची आणि सबमिशनच्या गडबडीत विसरून जायची. पण मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधताना मला तो घरातच सापडला. माझी ताई आयसीयूत सिस्टर आहे. वय 29 आणि कमरेला पट्टा! विचारलं की ठरलेलं उत्तर, "आयसीयूत हे चालायचंच रे."

आयसीयूत मला कोण जाऊ देणार? म्हणून आठ तासांच्या ड्यूटीत कोणतं काम किती वेळा केलं, ते ताईने वहीत लिहून आणलं आणि घरातल्या पलंगापाशी करून दाखवलं. मी कोनमापक घेऊन 'रेबा'चा तक्ता भरला. हिग्नेट आणि मॅकअटॅमनी यांनी 2000 साली मांडलेली ही पद्धत. मान, पाठ, पाय, हात यांचे कोन आणि उचललेलं वजन यांवरून 1 ते 15 स्कोअर येतो. 8 ते 10 म्हणजे धोका जास्त. 11 किंवा पुढे म्हणजे लगेच बदल करा.

सगळ्यात वर आलं पेशंटला स्ट्रेचरवर घेणं, स्कोअर 12. ताई म्हणाली, "अरे, ते दिवसातून एकदा, आणि तेव्हा आम्ही चौघं असतो. कंबर जाते ती पेशंट वर सरकवताना." व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं डोकं 30 ते 45 अंश वर ठेवतात, त्यामुळे तो सारखा खाली घसरतो. स्कोअर 11, पण ड्यूटीत नऊ वेळा! शिवाय दर तासाला युरीन बॅग बघायला वाकायचं. स्कोअर 7, पण दोन पेशंटचे मिळून 16 वेळा.

रेबाचा स्कोअर असतो एका पोजिशनचा. दिवसभराची गोळाबेरीज आपणच करायची. तक्त्यात 'किती वेळा' हा कॉलम वाढवला आणि सरकवणं स्ट्रेचरच्याही वर गेलं.

उपाय? घसरत्या कापडाची स्लाइड शीट, दोन माणसं, आणि बेड कमरेइतका वर. "बेड वर घ्यायला पायथ्याशी वाकून हँडल फिरवावं लागतं, माहितेय?" इति ताई. घ्या! पाठ वाचवायलाही पाठच मोडायची!

ताईने तक्ता मेट्रनकडे दिला. दोन स्लाइड शीट आल्या; मोटरच्या बेडचं अजून 'बघू' चाललंय. तोवर पट्टा आहेच.

उद्या आपल्यापैकीच कुणीतरी हॉस्पिटलचा बेड डिझाइन करेल. पेशंटचं वजन तो नक्की विचारात घेईल. पण ते हँडल कोण फिरवणार आणि दिवसातून किती वेळा, हेही त्याने विचारावं, एवढंच मागणं.