पंचवीस पुंगळ्या

आमच्या घरात बंदुकीची गोष्ट नेहमी हळू आवाजात होत असे. दादाजानकडे ठासणीची बंदूक होती. शेताला रानडुकरांचा उपद्रव होता, म्हणून पीक संरक्षणासाठी रीतसर परवाना काढलेला. त्यांच्या पश्चात तो अब्बांच्या नावावर झाला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हा शिरस्ता. १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली होती. आमचं गाव शांत होतं. तरीही एका सकाळी अब्बांनी ती बंदूक गोणपाटात गुंडाळली, सायकलला बांधली आणि ठाण्यात नेऊन परवान्यासकट कायमची देऊन टाकली. कुणी मागितली नव्हती. मी तेव्हा पाच वर्षांची होते. पुढे ही हकिकत अम्मीच्या तोंडून कितीदा तरी ऐकली. शेवट ठरलेला असे, "बला टली."

रानडुकरं त्यानंतरही पिकात येत राहिली, हे मात्र कुणी बोलत नसे.

अशा घरातल्या मुलीनं छत्तिसाव्या वर्षी रायफल क्लबचा अर्ज भरावा, याचं कारण माझ्या वर्गातल्या मुली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे यानं पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. दुसऱ्या दिवशी ती बातमी मी नववीच्या वर्गात वाचून दाखवली. एक मुलगी उभी राहिली, "आपा, इसमें लडकियां भी रहती क्या?" मी तिला तेजस्विनी सावंतबद्दल सांगितलं. कोल्हापूरच्या तेजस्विनीनं २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवलं. नेमबाजीत जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय महिला.

मग मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "अपने में का कोई है क्या, आपा?"

मी मेरठच्या शहजर रिझवीचं नाव सांगितलं. त्यानं २०१८ साली मेक्सिकोतल्या विश्वचषकात एअर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. खुर्जाच्या मेराज अहमद खान यांचं सांगितलं. रिओ आणि टोकियो अशी दोन ऑलिम्पिक ते स्कीट प्रकारात खेळले आणि २०२२ साली कोरियातल्या चांगवानला त्यांनी विश्वचषकाचं सुवर्ण मिळवलं. मुलींनी नावं वहीत उतरवली. पण तीच पोरगी पुन्हा म्हणाली, "ये तो मर्द हैं, आपा. और यूपी के." वर्ग हसला. मीही हसले, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. पुढच्याच शनिवारी मी जिल्ह्याच्या रायफल क्लबात जाऊन अर्ज आणला.

घरातला विरोध मजहबी नव्हता. हदीसमध्ये तिरंदाजीला उत्तेजन आहे आणि हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) किती मोठे तिरंदाज होते, हे अम्मीलाच माझ्याहून अधिक ठाऊक. तिची भीती वेगळी होती. "बेटी, अपने नाम के साथ बंदूक का नाम नको जोड," ती म्हणाली. खालाची हरकत आणखी निराळी, "मर्दों के सामने जमीन पे औंधी लेटेगी?" अब्बा काहीच बोलले नाहीत. अर्जावर पालकाची सही लागत नव्हती, तरी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला.

चारित्र्य पडताळणीसाठी ठाण्यातून हवालदार घरी आले, त्या दिवशी मोहल्ल्यातल्या बहुतेक खिडक्या उघड्या होत्या. अम्मीनं चहा केला. कप बशीवर वाजत होता. "शिक्षिका आहात, मग रायफल कशाला?" हवालदारांनी विचारलं. "खेळायला," मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. उठताना मात्र म्हणाले, "आमची धाकटी पळण्याच्या शर्यतीत असते. मॅडम, पोरींना मैदानावर न्या." ते गेल्यावरही अम्मी बराच वेळ दारात उभी होती.

क्लब छोटा. आठ लेन, पत्र्याचं छप्पर, समोर मातीचा उंच बांध. शिकवायला निवृत्त सुभेदार. त्यांनी पहिले दोन महिने मला दहा मीटरच्या एअर रायफलवर ठेवलं आणि मग पॉइंट टू-टू दिली. ही गोळी जेमतेम ५.६ मिलीमीटर जाडीची, पण तिच्या खोक्यावर दीड मैलापर्यंत धोका असल्याची सूचना छापलेली असते. त्यामुळे शिस्त कडक. रायफल खाली ठेवली की तिच्या चेंबरमध्ये रंगीत दोरी घातलेली दिसलीच पाहिजे. आज्ञेवाचून कुणी दस्त्याला हात लावायचा नाही. आणि गोळ्यांचा हिशेब असा, की सराफानं सोन्याचा ठेवावा. जेवढ्या दिल्या तेवढ्या गोळ्या किंवा रिकाम्या पुंगळ्या संध्याकाळी परत आल्या पाहिजेत. रजिस्टरमध्ये आकडा, आकड्यापुढे सही. सुरुवातीला मला हे जाचक वाटे.

खालाच्या हरकतीचं उत्तर नेमबाजीच्या जाकिटानं दिलं. जाड कॅनव्हास आणि चामड्याचं ते जाकीट कमरेखालपर्यंत येतं आणि पुठ्ठ्यासारखं ताठ असतं. त्यावर स्कार्फ घट्ट पिनांनी बसवलेला. उकाडा सोडला तर पर्द्याच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, रमजान दोन आठवड्यांवर आला असताना, क्लबची स्पर्धा झाली. पत्रकावर 'लांब पल्ल्याची रायफल स्पर्धा' असं छापलं होतं. खरा लांब पल्ला इंग्लंडातल्या बिस्लेचा. तिथे १८९० पासून थेट हजार यार्डांवर नेम धरतात. त्याआधी ही स्पर्धा विम्बल्डनला भरे आणि १८६० साली तिथली पहिली गोळी राणी व्हिक्टोरियानं चारशे यार्डांवरून झाडली होती. आपल्याकडे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकारानं १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होतकरू नेमबाजांची पायरी आहे. आमचा क्लब त्या पायरीच्याही खालचा. आमचा लांब पल्ला पन्नास मीटरचा.

पण पन्नास मीटर थोडे नव्हेत. लक्ष्यावरचा काळा गोल ११२.४ मिलीमीटरचा आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पालथं पडून, डाव्या दंडाला पट्टा आवळून, गाल दस्त्यावर टेकवायचा. श्वास अर्धा सोडून थांबवायचा. त्या चार-सहा सेकंदांत घोडा आपसूक मागे आला तर ठीक. नाही आला तर रायफल उतरवायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. तेवढ्यात वारा फिरला तर दहावर जाणारी गोळी नवावर किंवा आठवर जाऊन बसते. वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून बांधापर्यंत काठ्या रोवून त्यांना कापडाच्या पट्ट्या लावल्या होत्या. त्यांतल्या दोन माझ्या जुन्या ओढणीच्या.

सरावाच्या दहा गोळ्या आणि स्पर्धेच्या तीस. कागदी कार्ड, प्रत्येकावर पाच गोळ्या, अशी सहा कार्डं. चाळीस गोळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करून मिळाल्या. माझी लेन चौथी. पाचव्या लेनवर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका. पहिली दोन कार्डं बरी गेली. तिसरं कार्ड संपलं तसा वारा एकदम वाढला आणि सुभेदारांनी "स्टॉप" म्हटलं. रायफली मोकळ्या करून आम्ही मागे सरकलो. कार्डं आणली गेली.

माझ्या कार्डावर सहा भोकं होती.

पाच गोळ्या आणि सहा भोकं. कार्ड तपासणाऱ्या मुलानं ते दोनदा मोजलं. मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "झाडली असेल एखादी जास्त." दुसरं कुणी हसलं. त्या बोलण्यात फार काही नसेलही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी तो हेच म्हणाला असता, असं मी आज मानते. पण त्या क्षणी ते वाक्य माझ्या कानात माझ्या पूर्ण नावासकट शिरलं. हवालदारांसमोर वाजलेला कप आठवला. अर्ज भरलेल्या दिवसापासून अम्मी ज्या गोष्टीला भीत होती, ती हीच होती. गोळी लागण्याची भीती तिला नव्हतीच.

तेवढ्यात पाचव्या लेनवरचे काका पुढे आले. "सुभेदारसाहेब, माझ्या कार्डावर चारच आहेत. वाऱ्याच्या गडबडीत माझी एक ताईंच्या कार्डावर गेली असणार."

मला वाटलं, सुटले. सुभेदारांनी मात्र हात वर केला. "थांबा. तुम्ही म्हणता म्हणून नाही, काका. आधी मोजू."

ते स्वतः खाली बसले. माझ्या ठोकळ्यात पंधरा गोळ्या शिल्लक होत्या. चटईशेजारच्या डब्यातल्या पुंगळ्या त्यांनी एकेक करून सिमेंटवर उभ्या केल्या. पंचवीस. दहा सरावाच्या आणि तीन कार्डांच्या पंधरा. मग पाचव्या लेनवर तेच. पंधरा शिल्लक, पुंगळ्या पंचवीस. सगळे बघत होते. आता कुणी हसत नव्हतं आणि कुणी काही म्हणतही नव्हतं.

कोणती गोळी कुणाची हे कागदावरून कळणं शक्य नव्हतं, दोघांची जाडी सारखीच. अशा वेळी नियम असा, की ज्याच्या कार्डावर परकी गोळी आली त्याला जास्त गुणांची भोकं धरायची आणि ज्याची गोळी भरकटली त्याला त्या गोळीचं शून्य. माझं सर्वांत बाहेरचं भोक वगळलं गेलं. काकांचे गुण गेले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, "नियम तो नियम, ताई. वारा तुमच्याही बाजूनं आहे, सांभाळा."

उरलेली तीन कार्डं मी कशी झाडली ते नीट आठवत नाही. तीनशेपैकी २६४ गुण आणि नववा नंबर. बक्षीस नाही. माझ्या दृष्टीनं त्या दिवसाचा खरा आकडा पंचवीस हाच.

बी.एड.ला मूल्यमापनाच्या पेपरात आम्ही वस्तुनिष्ठतेची व्याख्या घोकली होती. उत्तरपत्रिका कुणाची आहे हे पाहून गुण बदलता कामा नयेत, एवढाच तिचा सरळ अर्थ. परीक्षेत त्या व्याख्येला मला पूर्ण गुण मिळाले होते. ती कळली मात्र त्या सिमेंटवर. काकांचा शब्द माझ्या बाजूनं होता. तो ऐकून सुभेदारांनी विषय मिटवला असता, तर मी एका भल्या माणसाच्या मेहेरबानीनं निर्दोष ठरले असते. मेहेरबानीचं काय, ती आज असते, उद्या नसते. मोजून जे ठरलं, त्यासाठी मला कुणाचे आभार मानावे लागले नाहीत. ज्या हिशेबाचा मला जाच वाटत होता, त्यानंच मला राखलं.

अब्बांनी तेव्हा चूक केली, असं मी म्हणत नाही. वेळ आली तर आपला शब्द कुणी मोजून घेईल, की नाव ऐकूनच ठरवेल, याची खात्री ज्याला नसते, तो वस्तूच घरात ठेवत नाही. शहाणपण म्हणून ते ठीक. पण अशा शहाणपणानं आपण किती गोष्टी न मागता देऊन टाकल्या, याचाही कधीतरी हिशेब व्हायला हवा. मैदानं, क्लब, समित्या, संस्था. तिथे काही जागा आपल्याला नाकारल्या गेल्या, हे खरंच आहे. काही आपण स्वतःहून सोडल्या, हेही तितकंच खरं. जिथे नियम सगळ्यांना सारखे लागू होतात, तिथे तरी आपण हजर असलं पाहिजे. आपण गेलोच नाही, तर ते सारखे लागू होतात की नाही हे आपल्याला कळणार तरी कसं?

स्पर्धेनंतरच्या आठवड्यात शाळेतल्या चार मुलींनी एअर रायफलच्या वर्गाचे अर्ज मागितले. तिघींच्या घरून होकार आला. चौथीचे वडील शाळेत भेटायला आले. गॅरेजमध्ये काम करणारा सरळ माणूस. इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाले, "आपा, खेल को ना नहीं. लेकिन अपने नाम के साथ बंदूक..." पुढचं वाक्य मला पाठ होतं. मी त्यांना समजावलं नाही. तिसरं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, ते त्यांच्या हातात दिलं आणि पंचवीस पुंगळ्यांची हकिकत सांगितली. त्यांनी काळवंडलेल्या बोटानं भोकं मोजली. सहा. मग विचारलं, "वो साहब हर किसी का ऐसेच गिनते क्या?"

"हर किसी का," मी म्हणाले.

त्यांनी अर्जाची घडी करून खिशात घातली. अजून सही झालेली नाही. इतर तिघींची नावं मात्र मी क्लबच्या रजिस्टरमध्ये लिहून आले आहे. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, पूर्ण.