जेमतेम गुलाबी

भाची आकुर्डीला असते, बारावीला. परवा तिचा फोन आला, "मामा, टायट्रेशनचा एंड पॉइंट म्हणजे नेमका किती गुलाबी?" जर्नलमध्ये 'रंगहीन ते फिकट गुलाबी' लिहिलेलं असतं आणि ते तिला पाठ आहे. पण रंग पाठ कसा करायचा? लेखी सत्तर मार्कांची, प्रॅक्टिकल तीसचं. वर्षभर क्लास सत्तरांच्या मागे धावतो आणि जानेवारी सरत आला की सगळ्यांना तीस आठवतात.

आमचंही असंच होतं. सॉल्ट ओळखायला आडवाटा होत्या. निळं दिसलं की कॉपर, गुलाबी दिसलं की कोबाल्ट. कॉस्टिक घालून तापवल्यावर मुतारीची आठवण झाली की अमोनियम. पांढरं सॉल्ट आलं, तर मात्र देवाचं नाव घ्यायचं आणि लॅबमधल्या मामांच्या भुवयांकडे बघायचं.

टायट्रेशनला आडवाट नाही. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. त्यात पातळ सल्फ्युरिक घालून साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवायचं. पहिले थेंब पडतात आणि रंग जाता जात नाही. मग एकाएकी थेंब पडताक्षणी नाहीसे व्हायला लागतात, कारण प्रक्रियेतून तयार झालेलं मँगनीजच पुढच्या प्रक्रियेला घाई करतं. जत्रेतल्या पाळण्याचंही असंच, पहिला माणूस बसेपर्यंतच काय तो खोळंबा. (आजोळी विहिरीत टाकायचं 'लाल औषध' हेच, हे मला अकरावीत कळलं. तिथे पाणी गुलाबी दिसलं की लोकांचा जीव भांड्यात पडे. इथे एक थेंब जास्त गुलाबी झालं की आमचा जीव जाई.)

आमच्या पिंपरी-चिंचवडला सगळे लोखंडाचं गाव म्हणतात. लेथ, प्रेस, फोर्जिंग. पण 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलीनसाठी. सरकारी मालकीची देशातली ती पहिली औषध कंपनी. आम्हा पोरांच्या लेखी ती बुरशी पाळणारी कंपनी होती. आणि लोखंडाचं तरी काय, रंग लावण्याआधी त्यालाही अ‍ॅसिडात बुडावं लागतं.

हे मला अप्पांमुळे, म्हणजे वडिलांमुळे, माहीत. ते भोसरीत फॉस्फेटिंगच्या लाइनवर होते. पत्र्याला रंग नीट धरावा म्हणून त्याआधी त्यावर फॉस्फेटचा बारीक थर चढवतात. त्या टाकीतलं दहा मिली पाणी घ्यायचं, फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि वरून कॉस्टिक सोडायचं. गुलाबी व्हायला जितके मिली लागले तितके 'पॉइंट'. दर दोन तासांनी एकदा, पाळी कुठलीही असो. अप्पा अकरावी मॅट्रिक नापास. नॉर्मॅलिटीचं सूत्र त्यांना ठाऊक नव्हतं, पण बोर्डाच्या एकूण एक परीक्षकांनी मिळून केली नसतील इतकी टायट्रेशनं त्यांनी केली असतील.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा त्यांनी कंपनीत विचारून भंगारात निघालेली एक ब्युरेट घरी आणली. टोकाचा टवका उडालेला. ती मोरीत कपड्यांच्या दांडीला सुतळीने बांधली. ब्युरेटमध्ये धुण्याच्या सोड्याचं पाणी, खाली पेल्यात लिंबाचा रस आणि चिमूटभर हळद. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तोच हा न्याय. आई म्हणाली, "सहा लिंबं गेली. सरबत तरी झालं असतं." अप्पा डाव्या हाताने तोटी धरायचे, उजव्याने पेला फिरवायचे आणि पेल्याखाली पांढरा कागद. "ट्यूबच्या उजेडात बघू नकोस, खिडकीशी ये."

मी जर्नल दाखवलं. पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग, तिन्ही 9.8, शेवटी सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, 9.8. अर्थात, दोन मी नुसतीच उतरवली होती. सगळेच उतरवत. अप्पांनी पान बराच वेळ बघितलं.

"आमच्याकडे तीन तंतोतंत सारखी आली, तर मी चौथं घेतो," म्हणाले आणि पेला विसळायला घेतला.

ती ब्युरेट अजून माळ्यावर आहे. भाचीला म्हटलं, लिंबं आणून ठेव, रविवारी दिवसाउजेडी येतो.