आज्जींचं जेवण, आज्जींचं जातं

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या आमच्या घरात आज्जी आणि तिच्या दोन जावा एकाच चुलीवर रांधायच्या. आम्ही नातवंडं आता पन्नाशी-साठीत आहोत. कुणाला साखर निघाली, कुणाचे गुडघे धरले, आणि घरात पुन्हा नाचणा आला. एकत्र जमलो की प्रत्येकजण म्हणतो, आज्जींसारखं खाल्लं पाहिजे.

त्यांचं खाणं खरंच कसदार होतं. पावसाळ्यात नाचण्याची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, थंडीत जोंधळ्याची भाकरी आणि मसूरची आमटी. येळ्ळूर-वडगावच्या काळ्या शिवारात भात कापल्यावर मसूर पेरत. त्या बेळगावी मसुरीची चव दुसऱ्या कुठल्याच मसुरीला नाही, हे मी ठामपणे सांगते. वेंगुर्ला रस्त्यानं कोकणातून सुकट आणि सुके बांगडे यायचे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली गोकाक-बैलहोंगलकडच्या कानडी घरांतून. आणि नवरात्राच्या आसपास उचगाव-सुळग्याच्या तांबड्या मातीतली रताळी. आम्ही ज्याला पूर्वजांचा आहार म्हणतो, त्यातली रताळी, शेंगा, बटाटा, अगदी संकेश्वरी मिरचीसुद्धा मुळात अमेरिका खंडातली. चार-पाचशे वर्षांत ती इथल्या मातीची झाली. आज्जींनी त्यांना कधी परकं मानलं नाही.

पण या ताटामागचे कष्ट आम्हाला फार उशिरा दिसले. तिघी जावा कोंबडं आरवायच्या आधी उठत. नाचण्यात खडे फार. तो पाखडायचा, चाळायचा, निवडायचा आणि मग जात्यावर दळायचा. भात उखळात सडायचं. कोंडा राहिल्यामुळे हातसडीचा तांदूळ अंगाला लागायचा हे बरोबर, पण त्यासाठी मुसळ उचलणारे खांदे त्यांचेच होते. चुलीच्या धुरानं धाकट्या आज्जीचा खोकला जन्मभर गेला नाही. पुरुष जेवले, पोरं जेवली, की जावांच्या वाट्याला आमटीचा तळ आणि करपलेली भाकरी. सकस जेवण रांधणाऱ्या बायकाच घरात सगळ्यांत अशक्त होत्या.

म्हणून गावात पिठाची गिरणी आली तेव्हा सगळ्यांत मोठा आनंद त्यांना झाला. पुढे पांढरा तांदूळ नेहमीचा झाला. 2013 पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेत रेशनचा तांदूळ एक रुपया किलोनं आणि 2015 पासून फुकट मिळू लागला. त्यानं कितीतरी घरांची भूक भागली, त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. मात्र शिजवायला सोपा, मिळायला स्वस्त असा भात दोन्ही वेळा ताटात आला आणि भाकरी मागं पडली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं; पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नसतं. आमच्या आया त्या भातावर म्हाताऱ्या झाल्या.

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, आणि गरिबाचा नाचणा पॅकेटात बसून महाग झाला. घाण्याच्या शेंगतेलाचा भाव ऐकून सून दोनदा विचार करते. ज्यांच्या आज्जींनी नाचण्यावर दिवस काढले, त्या रोजगारी घरांना आता तोच परवडत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

आमच्या घरात आता भाऊ नाचणा निवडतो, भाचा गिरणीत जाऊन दळून आणतो, भाकरी ज्याला जमेल तो थापतो, आणि सगळे एका पंगतीला बसतात. पॅकेटाऐवजी बेळगावच्या शनिवारच्या बाजारात खेड्यांतून आलेल्या बायकांकडून सुटं धान्य घेतलं तर पैसेही कमी लागतात. तुमच्याही घरी जुनं जेवण परत आणायचं असेल, तर पाखडायला, दळायला आणि भाकरी थापायला कोण बसणार, हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवा.